कार्बोरेटरच्या जुन्या गाड्यांमधली पेट्रोलची रिटर्न लाइन : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

जुनी गाडी हातात आली की माणूस आधी कार्बोरेटर (हवेत पेट्रोल मिसळून इंजिनाला देणारा भाग) उघडतो, मग प्लग आणि पॉइंट बघतो. टाकीकडे परत जाणाऱ्या बारीक नळीकडे लक्ष जातं ते सगळ्यात शेवटी, आणि तोवर बहुतेक वेळा कुणीतरी ती बुजवून टाकलेली असते. मला या नळीची काळजी वाटते, कारण ती काय करते हे ठाऊक नसल्यामुळे चांगल्या गाड्या उन्हाळ्यात रस्त्यात उभ्या राहतात आणि दोष कार्बोरेटरच्या माथी जातो. पुन्हा पुन्हा विचारल्या जाणाऱ्या प्रश्नांची उत्तरं इथे एकत्र लिहिली आहेत.

रिटर्न लाइन म्हणजे नेमकी कुठली नळी?

इंजिनाच्या बाजूने निघून टाकीत परत जाणारी. ती तीनपैकी एका ठिकाणाहून निघते: पंपाच्या तिसऱ्या निपलवरून (निपल म्हणजे होस बसवायचं बारीक तोंड), पंप आणि कार्बोरेटर यांच्या मधल्या तीन निपलच्या फिल्टरवरून, किंवा कार्बोरेटरच्या इनलेटला लागून असलेल्या छोट्या निपलवरून. फीडची, म्हणजे टाकीतून पेट्रोल आणणारी नळी बहुधा ८ मि.मी.ची असते आणि रिटर्नची ६ मि.मी.ची. गाडीखाली दोन्ही नळ्या शेजारी शेजारी धावताना दिसतात.

कार्बोरेटरला लागेल तेवढंच पेट्रोल पंप देतो ना? मग परत पाठवायचं कशाला?

प्रश्न अगदी रास्त आहे. मेकॅनिकल पंपात इंजिनाच्या कॅमशाफ्टवरची केंद्रापासून सरकवलेली चकती, म्हणजे एक्सेंट्रिक, लिव्हर हलवते आणि लिव्हर डायफ्रॅम, म्हणजे पंपातला लवचीक पडदा, खाली ओढतो. डायफ्रॅम वर ढकलायचं काम मात्र लिव्हर करत नाही, ते स्प्रिंग करते. म्हणून पेट्रोलचा दाब स्प्रिंगच्या ताकदीवर ठरतो, साधारण ३ ते ६ पीएसआय (दर चौरस इंचाला पौंड). कार्बोरेटरमधली पेट्रोल साठवणारी फ्लोटची वाटी भरली की तिच्या तोंडाची नीडल बंद होते, पेट्रोलला पुढे वाट उरत नाही, डायफ्रॅम खालीच थांबतो आणि लिव्हर मोकळा हलत राहतो. म्हणजे दाब आवरण्यासाठी या पंपाला रिटर्नची गरजच नाही. दाबाचं काम स्प्रिंग आधीच करते आहे.

रिटर्नचं काम उष्णतेशी आहे. थोडा हिशेब मांडतो, म्हणजे पटेल. ताशी ६० किलोमीटरने जाणारी, लिटरला १२ किलोमीटर देणारी गाडी तासाला ५ लिटर पेट्रोल घेते, म्हणजे मिनिटाला ८३ मिलीलिटर. हीच गाडी सिग्नलला उभी राहून आयडलिंग करत असेल तर मिनिटाला साधारण १५ मिलीलिटर पुरतात. आतून ६ मि.मी. असलेल्या नळीच्या एक मीटर लांबीत २८ मिलीलिटर पेट्रोल मावतं. तेव्हा आयडलिंगला तेवढी एक मीटर नळी ओलांडायला पेट्रोलला जवळजवळ दोन मिनिटं लागतात. ही दोन मिनिटं ते तापलेल्या ब्लॉकला चिकटलेल्या पंपात आणि एक्झॉस्टच्या शेजारून जाणाऱ्या नळीत शेकत बसलेलं असतं, आणि नेमका तेव्हाच पुढून वाराही येत नसतो.

आता रिटर्न जोडा. ४ पीएसआय दाबाखाली तिच्या तोंडाशी असलेल्या १ मि.मी.च्या छिद्रातून मिनिटाला पाव लिटरच्या आसपास पेट्रोल जातं. तेच एक मीटर अंतर आता सहा-सात सेकंदांत पार होतं. पंपातून सतत टाकीतलं गार पेट्रोल वाहत राहतं, पंप गार राहतो, आणि कुठे वाफ झालीच तर तिला टाकीकडे जायला वाट असते.

पेट्रोल नळीतच उकळतं हे पटत नाही. तेवढी उष्णता असते का?

असते, आणि फार लागतही नाही. पाण्यासारखा पेट्रोलचा उकळायचा एकच आकडा नाही. ते अनेक घटकांचं मिश्रण आहे. त्यातले सगळ्यात हलके घटक ३५ ते ४० अंशांनाच वाफ व्हायला लागतात, जड घटक २०० अंशांच्या आसपास. बॉनेटखाली ६०-७० अंश सहज होतात.

त्यात टाकी ते पंप हा भाग ओढीचा आहे. पंप पेट्रोल ओढतो म्हणजे त्या नळीतला दाब बाहेरच्या हवेपेक्षा कमी होतो, आणि दाब कमी झाला की उकळणं लवकर सुरू होतं. उंच घाट चढताना बाहेरच्या हवेचाच दाब कमी असतो, म्हणून तिथे त्रास वाढतो. थंडीच्या दिवसांसाठी बनवलेल्या पेट्रोलमध्ये हलके घटक जास्त ठेवतात. ते टाकीत उरलं आणि एकदम ऊन पडलं तरी हेच होतं. इथेनॉल मिसळल्यानेही भर पडते: १० टक्के इथेनॉलने पेट्रोलच्या वाफेचा दाब साधारण ७ किलोपास्कलने वाढतो.

डायफ्रॅमचा पंप द्रव ढकलायला बनवलेला आहे. त्यात वाफ शिरली की डायफ्रॅम खाली-वर होतो खरा, पण वाफ नुसती दबते आणि फुगते, व्हाल्व्ह धड उघडतच नाहीत. गाडी झटके मारते आणि बंद पडते. यालाच व्हेपर लॉक म्हणतात.

चालताना गाडी झकास असते. पंधरा-वीस मिनिटं उभी केली की चालू होत नाही, आणि पेट्रोलचा वास येतो.

हे व्हेपर लॉकचं भावंड आहे, पण उलट स्वभावाचं. व्हेपर लॉकमध्ये इंजिन उपाशी राहतं, इथे त्याला ठसका लागतो.

इंजिन बंद केलं की पाणी फिरायचं थांबतं, पंखा थांबतो, वारा थांबतो. लोखंडात साठलेली उष्णता मात्र बाहेर येतच राहते, म्हणून बॉनेटखालचं तापमान पुढची काही मिनिटं वाढत जातं. पंपाचा आउटलेट व्हाल्व्ह आणि कार्बोरेटरची नीडल यांच्या मधलं पेट्रोल दोन्हीकडून कोंडलेलं असतं. ते तापतं, फुगतं, आणि त्यातल्या थोड्याचीही वाफ झाली तर जागा पुरत नाही. एक मिलीलिटर पेट्रोलची वाफ दोनशे मिलीलिटरच्या घरात जाते. हा दाब नीडलला तिच्या बैठकीवरून उचलतो, वाटी ओसंडते आणि पेट्रोल सिलिंडरकडे जाणाऱ्या मॅनिफोल्डमध्ये टपकतं. मग सेल्फ मारला की इंजिन ओलं होऊन बसतं.

रिटर्नची नळी मोकळी असेल तर हा कोंडलेला दाब टाकीकडे निघून जातो. बंद गाडीतही ही नळी काम करते आहे, हे लोकांच्या लक्षात येत नाही.

तरीही एक मर्यादा आहे. कार्बोरेटरच्या वाटीतलं पेट्रोलच उकळून जेटमधून बाहेर पडत असेल, तर रिटर्न काही करू शकत नाही. त्याला कार्बोरेटरच्या बुडाशी उष्णता अडवणारा जाड स्पेसर, धड बसलेलं हीट शील्ड आणि योग्य फ्लोट लेव्हल लागते. अशा वेळी गाडी चालू करायची तर अॅक्सिलरेटर पूर्ण दाबून तसाच धरा आणि सेल्फ मारा. पंपिंग करू नका. पंपिंगने आणखी पेट्रोल आत जातं.

माझ्या गाडीला रिटर्न लाइनच नाही. कुणी काढून टाकली असेल का?

असेलच असं नाही. फोक्सवॅगन बीटलसारख्या कितीतरी गाड्या रिटर्नशिवायच कारखान्यातून निघाल्या. १९६० च्या दशकातल्या काही अमेरिकन गाड्यांत तर एकाच मॉडेलला एअर कंडिशनर असेल तर रिटर्न, नसेल तर नाही, असा प्रकार होता. त्यामागे विचार सरळ होता: एअर कंडिशनरचा कंडेन्सर रेडिएटरच्या पुढे बसतो, आत येणारी हवा तापूनच येते आणि आयडलिंगला इंजिनावर भारही जास्त पडतो.

टाकीच्या फ्लोट युनिटवर (काट्याला पातळी कळवणारा भाग) किंवा वरच्या बाजूला बूच मारलेला बारीक निपल दिसला, तर मात्र गाडीला रिटर्न होती आणि कुणीतरी काढली आहे.

नवीन पंपाला दोनच निपल आहेत. रिटर्न बुजवली तर चालेल का?

इंजिन चालू होईल, फेरफटकाही होईल. म्हणूनच हा घोटाळा इतका पसरला आहे. गार दिवसात केलेलं काम गार दिवसात कधीच चुकीचं वाटत नाही.

माझ्याकडे एक गाडी आली होती. मालकाने कार्बोरेटर तीनदा साफ करून घेतला होता, कॉइल बदलली होती, पंपही नवा होता. थंडीत तक्रार शून्य. ऊन वाढलं की गर्दीत बंद. मी आधी फ्लोट लेव्हल तपासली, ती बरोबर निघाली. मग खाली वाकून नळ्या हाताने चाचपत गेलो, तेव्हा चॅसीजवळ रिटर्नच्या रबरी होसात एक बोल्ट घातलेला आणि वर क्लिप आवळलेली सापडली. पंप बदलताना तिसरा निपल मिळाला नाही आणि त्या कारागिराने आपल्या परीने प्रश्न मिटवला होता. बोल्ट काढला, तीन निपलचा फिल्टर बसवला आणि तक्रार संपली. त्या मालकाचा सबंध उन्हाळा वाया गेल्याचं मला आजही वाईट वाटतं.

तेव्हा पंप दोन निपलचाच मिळत असेल तर हेच करा: पंप आणि कार्बोरेटर यांच्या मध्ये तीन निपलचा फिल्टर घाला आणि तिथून रिटर्न न्या.

हा तीन निपलचा फिल्टर कसा बसवायचा?

एका टोकाला एक निपल असतो, तिथून पेट्रोल आत येतं. दुसऱ्या टोकाला दोन असतात. मोठा कार्बोरेटरला आणि लहान रिटर्नला. फिल्टर आडवा बसवत असाल तर लहान निपल वरच्या बाजूला, घड्याळात बारा वाजतात तिथे यायला हवा. वाफ वर चढते, म्हणून तिची वाट वरच हवी. लहान निपल खाली आला तर उलटाच खेळ होतो: चांगलं पेट्रोल टाकीकडे जातं आणि वाफ कार्बोरेटरकडे. फक्त फिल्टर फिरवून गाडी सुधारलेली मी पाहिली आहे.

एक्झॉस्ट मॅनिफोल्डच्या वर फिल्टर लटकवू नका. उष्णता आणि आग, दोन्ही कारणांसाठी.

रिटर्नच्या निपलमध्ये अगदी बारीक छिद्र आहे. ड्रिलने मोठं करू का?

नको. ते छिद्र मुद्दाम बारीक ठेवलेलं असतं, बहुधा १ ते १.५ मि.मी. चढावावर पूर्ण अॅक्सिलरेटर दाबला असताना कार्बोरेटरला पुरेसं पेट्रोल मिळावं आणि तरीही नळीत वाहतं राहावं, या दोन गोष्टींचा तोल तिथे साधलेला आहे. छिद्राचा व्यास दीडपट केला की त्यातून जाणारं पेट्रोल सव्वादोनपट होतं. पावच्या जागी अर्ध्या लिटरहून अधिक. थकलेल्या पंपाला ते झेपत नाही आणि जोर लागतो तिथे नेमकं इंजिन उपाशी राहतं.

पिवळट चिकट थर बसून छिद्र तुंबलं असेल तर कार्बोरेटर क्लीनर आणि मऊ तांब्याची तार वापरा. स्टीलची तार नको, छिद्राच्या कडा खरवडतात.

रिटर्न चालू आहे की तुंबली आहे, हे कसं तपासू?

इंजिन गार असताना, उघड्यावर, आग विझवायचं साधन हाताशी ठेवून. रिटर्नचा होस टाकीकडे जाणाऱ्या लोखंडी नळीपासून सोडवा आणि त्याचं टोक बाटलीत धरायला कुणाला तरी सांगा. ती लोखंडी नळी टाकीतल्या पेट्रोलच्या पातळीखाली असेल तर तिच्यातून पेट्रोल उलट वाहू शकतं, म्हणून तिच्या तोंडाला तात्पुरतं टोपण लावा. आता इंजिन आयडलिंगला सोडा. बारीक, सलग धार यायला हवी. काहीच आलं नाही तर छिद्र तुंबलं आहे. भसाभस आलं तर छिद्राचा भाग कुणीतरी काढून टाकला आहे.

दुसरी बाजू टाकीकडची. टाकीचं झाकण उघडा आणि रिटर्नच्या लोखंडी नळीत हलकेच हवा सोडा. टाकीत आवाज आला पाहिजे. कॉम्प्रेसरचा पूर्ण दाब सोडू नका.

होस कुठे चिमटला आहे का, हे डोळ्यांनीही बघा. जॅक चुकीच्या जागी लावल्यामुळे चपटी झालेली नळी हे जुन्या गाड्यांचं नेहमीचं दुखणं आहे.

टाकी अर्धी असतानाच पेट्रोल संपल्यासारखं होतं. काटा बिघडला असेल का?

काट्यावर जायच्या आधी नळ्या अदलाबदल झाल्या आहेत का ते बघा. फीडची नळी टाकीच्या तळाशी पोचते. रिटर्नची अनेक टाक्यांत वरच संपते. कुणी टाकी उतरवली आणि परत लावताना दोन होस उलटे जोडले, तर पंप आखूड नळीतून ओढायला लागतो. पातळी तिच्या खाली गेली की गाडी उपाशी, टाकीत मात्र कितीतरी लिटर शिल्लक. प्रत्येक वेळी काटा त्याच खुणेजवळ असताना गाडी थांबत असेल तर जवळजवळ खात्रीच समजा.

टाकीतून तिसरी नळीही येते. तीही रिटर्नच का?

ती व्हेंटची. टाकीतली वाफ कोळशाच्या डब्यापर्यंत, म्हणजे चारकोल कॅनिस्टरपर्यंत नेते. अमेरिकेत १९७१ च्या मॉडेलपासून ही व्यवस्था सगळीकडे आली. रिटर्न या नळीला कधीच जोडू नका. कोळसा ओला झाला की कॅनिस्टर वाया जातो आणि ते पेट्रोल इनटेकमध्ये खेचलं जाऊन इंजिन काळा धूर सोडतं.

टाकीपर्यंत नेण्यापेक्षा रिटर्न पंपाच्या आधी फीडमध्येच टी टाकून जोडली तर?

तर तेच तापलेलं पेट्रोल आणि तीच वाफ पुन्हा पंपाच्या तोंडाशी येईल. टाकीत परत पाठवण्याचा सगळा अर्थ इतकाच आहे की तिथे बरंच गार पेट्रोल असतं आणि वाफेला विरायला जागा असते.

मी इलेक्ट्रिक पंप बसवला आहे. आता रिटर्न लागेल का?

पंप टाकीजवळ बसवला असेल तर एक फायदा आपोआप झाला: पूर्ण नळी ओढीखाली न राहता दाबाखाली आली, त्यामुळे पेट्रोल सहज उकळत नाही. तरी इंजिनाजवळ कोंडून तापणं शिल्लक राहतंच. म्हणून रिटर्न असलेली बरी.

गोंधळ होतो तो रेग्युलेटरवर, म्हणजे दाब ठरावीक ठेवणाऱ्या भागावर. एक प्रकार नळी अडवून दाब कमी करतो, त्याला रिटर्न नसते. दुसरा, बायपास प्रकारचा, जास्तीचं पेट्रोल टाकीकडे सोडून दाब राखतो. या दुसऱ्याला रिटर्न मोकळी आणि ऐसपैस लागते, निदान ६ ते ८ मि.मी. आणि मध्ये बारीक छिद्र नको. मेकॅनिकल पंपाच्या व्यवस्थेत बारीक छिद्राचा भाग काढून टाकला तर दाब पडतो. बायपास रेग्युलेटरच्या व्यवस्थेत छिद्र ठेवलं तर दाब चढतो आणि कार्बोरेटर ओसंडतो. जुन्या गाडीची बारीक रिटर्न नळी तशीच ठेवून बायपास रेग्युलेटर लावणारे इथेच फसतात.

कार्बोरेटर किती दाब सोसतो तेही बघा. एसयू आणि वेबर या बनावटीचे कार्बोरेटर ३ ते ३.५ पीएसआयच्या आसपास खूश असतात, होली ६-७ पर्यंत चालवून घेतो. आणि इलेक्ट्रिक पंपाला इनर्शिया स्विच (जोरदार धक्का बसला की पंप बंद करणारा) किंवा ऑइल प्रेशर स्विच (इंजिन थांबलं की बंद करणारा) लावल्याशिवाय गाडी रस्त्यावर काढू नका. अपघातात इंजिन थांबलं तरी हा पंप चालूच राहतो.

रिटर्नमुळे मायलेज कमी होतं का?

नाही. जे परत गेलं ते टाकीतच आहे.

सकाळी खूप सेल्फ मारावा लागतो. रात्रीत पेट्रोल रिटर्नमधून परत जातं का?

वाटीतलं जात नाही. नीडल वाटीतल्या पातळीच्या वर असते, तिथून उलट वाहायला मार्ग नाही. नळीतला दाब मात्र उतरतो, आणि तो उतरायलाच हवा. सकाळचा त्रास बहुधा वाटीतलं पेट्रोल उडून गेल्याचा असतो किंवा पंपाचे व्हाल्व्ह गळत असल्याचा.

नळी बदलायची आहे. कुठला होस घ्यावा?

रिटर्नमध्ये दाब जवळजवळ नसतो, म्हणून लोक व्हॅक्यूमचा किंवा पाण्याचा होस लावतात. असं करू नका, तो पेट्रोलमध्ये फुगतो आणि विरघळतो. होसावर एसएई जे३० आर७ किंवा आर९ असं छापलेलं बघून घ्या. आर९ महाग असतो, पण इथेनॉल असलेल्या पेट्रोलला तो जास्त टिकतो. लोखंडी नळीच्या टोकाला फुगवटा असावा, म्हणजे क्लिपखालून होस निसटत नाही. टाकीच्या आत बुडणारा तुकडा असेल तर त्याला आर१० हा वेगळा होस लागतो, बाहेरचा तिथे टिकत नाही.

पंपावर ओला फडका टाकतात, नळीला कपड्यांचे चिमटे लावतात. उपयोग होतो का?

ओल्या फडक्याचा होतो. पाणी वाळताना पंपाची उष्णता घेऊन जातं, रस्त्यात अडकलात तर जरूर करा. चिमट्यांचा फारसा नाही.

दोष व्हेपर लॉकचाच आहे हे कसं ओळखू?

गाडी बंद पडल्याबरोबर, गार व्हायच्या आत, एअर फिल्टर काढा आणि कार्बोरेटरच्या तोंडात बघत थ्रॉटल हाताने उघडा. अॅक्सिलरेटर पंपाची पिचकारी उडाली तर वाटीत पेट्रोल आहे. मग ठिणगीची बाजू, म्हणजे तापल्यावर दगा देणारी कॉइल, इग्निशनचा कंडेन्सर किंवा डिस्ट्रिब्यूटर तपासा. पिचकारी नसेल तर टाकीचं झाकण उघडा. आत हवा शिरल्याचा जोरदार आवाज आला तर झाकणाचं छिद्र बुजलं आहे आणि टाकीत निर्वात झाला आहे. दोन्ही नसेल, तर मग पंप, नळ्या आणि रिटर्न.

मूळ रिटर्न नसलेल्या गाडीला नवी घालता येईल का?

येते, आणि ज्या गाड्या उन्हात सतत गर्दीत चालतात त्यांना घालावी असंच मी सांगेन. तीन निपलचा फिल्टर, ६ मि.मी.ची धातूची नळी, आणि टाकीच्या बाजूला रिटर्नचा निपल असलेलं फ्लोट युनिट. नळी फीडच्या मार्गानेच न्या, एक्झॉस्टपासून लांब, दर थोड्या अंतरावर रबर लावलेल्या पकडीने बांधून.

टाकीला मात्र जागेवर भोक पाडू नका आणि वेल्डिंगचा विचारही करू नका. रिकामी टाकी भरलेल्या टाकीपेक्षा जास्त घातक असते, कारण आत पेट्रोलची वाफ आणि हवा पेट घ्यायला योग्य प्रमाणात मिसळलेली असते. निपल असलेलं फ्लोट युनिट मिळत नसेल तर टाकी उतरवून तिच्याच कामाची सवय असलेल्या माणसाकडे द्या. तो ती धुऊन, वाफ पूर्ण काढून, मगच तिला हात लावेल.